हाताशी किती फंक्शन्स हवीत? ७१, १८ आणि शून्य

पायथॉनमध्ये ७१, गोमध्ये १८ आणि सीमध्ये शून्य. कोरी फाइल उघडल्यावर कुठलेही मॉड्यूल न मागवता, कुठलीही हेडर फाइल न जोडता थेट वापरता येतील अशा फंक्शन्सची ही संख्या आहे. पायथॉनचा आकडा त्या भाषेच्या अधिकृत यादीतला आहे. ‘इंट’ आणि ‘लिस्ट’ यांसारखे फंक्शनसारखे वापरता येणारे डेटा टाइपही त्यात धरले आहेत. सीमध्ये पडद्यावर एक ओळ छापायची तरी ‘प्रिंटएफ’ लायब्ररीतून आणावे लागते. तिन्ही भाषांत मोठमोठ्या यंत्रणा उभ्या आहेत आणि तिन्ही भाषा घडवणारी माणसे आपल्या कामात निष्णात आहेत. मग कोणते फंक्शन भाषेच्या पोटात असावे आणि कोणते बाहेर, या प्रश्नाला त्यांनी इतकी वेगळी उत्तरे का दिली?

भाषा घडवणाऱ्यांनी घेतलेल्या या निर्णयाची झळ शिकणाऱ्याला बसते. आंबेगाव तालुक्यात मंचरजवळच्या अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयही आहे. हे महाविद्यालय ज्याच्याशी संलग्न आहे त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांना ‘प्रोग्रॅमिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा विषय पायथॉनमधून दिला. त्यामुळे स्थापत्यचा विद्यार्थी असो की यंत्र अभियांत्रिकीचा, पायथॉन शिकताना त्याच्यासमोर ही ७१ नावे येतात. त्यातली पाच-सहा पहिल्या आठवड्यात भेटतात, पंधराएक वर्षभरात. उरलेली अनेक त्याला कधीच लागत नाहीत, पण ती नावे तिथे असतात, आणि नुसत्या असण्याचीही किंमत असते. तिच्याकडे पुढे येतो. आधी हे ठरवू की एखाद्या फंक्शनची लायकी मोजायची कशाने.

ओळी मोजून काय कळते?

२२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रॅमरने वादातून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातून आपली २७३ पॅकेजेस काढून घेतली. त्यातले एक होते ‘लेफ्ट-पॅड’. मजकुराच्या डाव्या बाजूला हवी तेवढी शून्ये किंवा मोकळ्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. कोड होता ११ ओळींचा. त्या ११ ओळींवर ‘बेबेल’सारखे प्रकल्प उभे होते आणि बेबेलवर आणखी हजारो. जगभर बिल्ड कोसळू लागले, तेव्हा एनपीएमने सुमारे दोन तासांत ते पॅकेज परत जागेवर ठेवले. २०१७ च्या जावास्क्रिप्ट मानकात ‘पॅडस्टार्ट’ आले आणि हे काम भाषेतच होऊ लागले. त्याचा प्रस्ताव या घटनेच्या आधीपासून चर्चेत होता, तरी लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या.

त्यावरून दोन तट पडले. एक म्हणाला, ११ ओळींसाठी कोणाचे पॅकेज कशाला, भाषेतच द्या. दुसरा म्हणाला, ११ ओळी कोणालाही लिहिता येतात, भाषेत कशाला? दोघेही ओळीच मोजत होते, आणि माझ्या मते मोजमाप तिथेच चुकते. फंक्शन किती लांब आहे यावरून काहीच ठरत नाही. शंभर जणांनी ते आपापल्या हाताने लिहिले तर किती जणांचे चुकेल, आणि चुकले हे त्यांना कळेल की नाही, हे मोजायला हवे.

पीएचपीचे उदाहरण घ्या. एखाद्या मजकुरात दुसरा मजकूर आहे का, हे पाहायला पीएचपीत पिढ्यान्‌पिढ्या ‘स्ट्रपॉस’ वापरत. ते सापडलेल्या जागेचा क्रमांक देते आणि सापडले नाही तर ‘फॉल्स’ देते. आता ‘अवसरी खुर्द’ या नावात ‘खुर्द’ शोधा. उत्तर १६ येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘अवसरी’चे १५ आणि मोकळ्या जागेचा १ मिळून १६ बाइट आधी खर्ची पडतात. अट खरी ठरते आणि गाव सापडते. त्याच नावात ‘अवसरी’ शोधा. ते अगदी सुरुवातीलाच आहे, म्हणून उत्तर ०. पीएचपीच्या अटीत ० म्हणजे खोटे. प्रोग्रॅम सांगतो, ‘अवसरी खुर्द’मध्ये ‘अवसरी’ नाही! त्यावर उपाय म्हणजे तीन बरोबर-चिन्हांची तुलना. ती एका ओळीत होते, पण आठवावी लागते, आणि विसरले तर कुठलाही एरर येत नाही. यादीतली काही गावे गुपचूप गळतात, एवढेच.

पीएचपी जन्मली १९९५ मध्ये. ‘स्ट्र-कंटेन्स’, ‘स्ट्र-स्टार्ट्स-विथ’ आणि ‘स्ट्र-एंड्स-विथ’ ही तीन फंक्शन्स आली पीएचपी ८.० मध्ये, नोव्हेंबर २०२० ला. म्हणजे २५ वर्षे. ती हाताने लिहायची तर प्रत्येकी एक ओळ पुरते, म्हणून ओळी मोजणाऱ्याला ती फालतू वाटतील. चुका मोजणाऱ्याला वाटेल की ती पहिल्याच वर्षी यायला हवी होती.

गोमध्ये दोन संख्यांतली लहान किंवा मोठी निवडणारी ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ बिल्ट-इन म्हणून आली ऑगस्ट २०२३ मध्ये, १.२१ या आवृत्तीत. सोबत ‘क्लिअर’ही आले आणि १५ ची संख्या १८ झाली. गोची १.० आवृत्ती मार्च २०१२ ची आहे, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ प्रत्येक प्रकल्पात कोणीतरी ‘अ लहान असेल तर अ, नाही तर ब’ असे चार ओळींचे फंक्शन लिहीतच होता. यात चुकायला काय आहे, असे कोणीही विचारील. पूर्णांकात चुकायला खरोखर काही नाही. दशांश संख्यांत मात्र ‘नॅन’ नावाची एक किंमत असते. अर्थहीन गणिताचे उत्तर म्हणून ती येते आणि तिची कोणाशीही केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटी ठरते. हाताने लिहिलेल्या फंक्शनला आधी नॅन आणि मग १ दिला तर एक उत्तर येते, क्रम उलटला तर दुसरे. गोच्या नव्या ‘मिन’मध्ये नियम ठरलेला आहे: एकजरी नॅन असेल तर उत्तर नॅनच. पायथॉनचे ‘मिन’ कितीतरी जुने आणि पहिल्या दिवसापासून हाताशी असलेले, पण नॅनच्या बाबतीत आजही क्रमावर अवलंबून आहे. फंक्शन आत घेताना त्याच्या कडेकोपऱ्यांचा विचार झाला नाही, तर एकाची चूक सगळ्यांची होते.

उलटही घडते, एकाची सुधारणा सगळ्यांना मिळते. ०.१ ही संख्या दहा वेळा घ्या आणि लूप लावून बेरीज करा. उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते, कारण ०.१ ही किंमत द्विमान पद्धतीत नेमकी साठवताच येत नाही आणि प्रत्येक बेरजेला थोडी थोडी चूक साचत जाते. पायथॉनचे ‘सम’ हे फंक्शनही ३.११ आवृत्तीपर्यंत हेच उत्तर देत होते. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ मध्ये त्याच्या आतली पद्धत बदलली. प्रत्येक पायरीला निसटलेला अंश बाजूला धरून शेवटी मिळवायचा, अशी पद्धत आली आणि उत्तर १.० येऊ लागले. ज्याने ‘सम’ वापरले होते त्याचा प्रोग्रॅम एक अक्षर न बदलता सुधारला. ज्याने लूप लिहिला होता तो तिथेच राहिला. बेरीज कोणीही लिहू शकतो, यात शंका नाही, पण नीट बेरीज फार थोडे जण लिहितात.

सरासरीची गोष्ट याच वाटेवरची, पण तिचा निर्णय वेगळा झाला. ती पायथॉनच्या ७१ मध्ये नाही. २०१४ च्या ३.४ आवृत्तीत ‘स्टॅटिस्टिक्स’ हे मॉड्यूल आले आणि सरासरी, मध्यक, प्रचरण तिथे गेले. हा निर्णय मला पटतो. सरासरी सगळ्यांना लागत नाही, पण ज्याला लागते त्याला बहुधा प्रचरणही लागते, आणि प्रचरणाचे पाठ्यपुस्तकी सूत्र जसेच्या तसे टंकले तर मोठ्या आणि एकमेकींच्या जवळच्या संख्यांवर ते ऋण उत्तरसुद्धा देऊ शकते. प्रचरण ऋण असूच शकत नाही. अशा एकमेकींना धरून असलेल्या फंक्शन्सना भाषेसोबतच येणारे, पण नाव घेऊन बोलवावे लागणारे घर योग्य.

काढून टाकण्याचा इतिहास आणखी बोलका आहे. ३ डिसेंबर २००८ ला पायथॉन ३.० आले आणि जुन्या यादीला कात्री लागली. ‘अप्लाय’, ‘कोअर्स’, ‘एक्झेकफाइल’, ‘रिड्यूस’, ‘कॉलेबल’ अशी बरीच नावे गेली. त्यातली दोन शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ‘रिड्यूस’ म्हणजे यादीतल्या घटकांवर एकच क्रिया क्रमाने करत शेवटी एक किंमत उरवणे. भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी मार्च २००५ मध्येच लिहून ठेवले होते की याचा खरा वापर बहुतेक बेरीज-गुणाकारापुरता आहे आणि बाकीचे वापर वाचणाऱ्याला कोड्यात टाकतात. ‘सम’ २००३ मध्ये आले होते, ‘एनी’ आणि ‘ऑल’ २००६ मध्ये आले. ‘रिड्यूस’ची गर्दी या तिघांनी वाटून घेतली. ते ‘फंक्टूल्स’ या मॉड्यूलमध्ये गेले आणि पुन्हा आत आले नाही. गुणाकाराच्या फंक्शनची कल्पनाही त्याच २००५ च्या लिखाणात होती. ते आले २०१९ मध्ये, ३.८ आवृत्तीत, आणि तेही ‘मॅथ’ मॉड्यूलमध्ये. यादीची बेरीज रोज लागते, यादीचा गुणाकार क्वचित; १४ वर्षांनीही त्याला आतली जागा मिळाली नाही हे मला रास्तच वाटते.

‘कॉलेबल’ मात्र परत आले. समोरची वस्तू फंक्शनसारखी बोलावता येते का, एवढेच ते सांगते. ते काढल्यावर लोक दोन वेगवेगळ्या पर्यायांनी काम भागवू लागले, दोन्ही लांबलचक आणि लक्षात न राहणारे. फेब्रुवारी २०११ मध्ये, ३.२ आवृत्तीत, सव्वादोन वर्षांनी ‘कॉलेबल’ पुन्हा यादीत घेतले गेले. दरवाजा दोघांनाही दाखवला होता. एकाचे काम दुसऱ्या चांगल्या नावांनी उचलले होते, दुसऱ्याचे कोणीच उचलले नव्हते. हातात तयार असलेली यादी तपासायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही: काढून बघा आणि लोक त्या जागी काय लिहितात ते पाहा.

नावांची किंमत

आता ती किंमत. पाच विषयांच्या गुणांची बेरीज करायची म्हणून पहिल्या वर्षाचा मुलगा ‘सम’ नावाचे व्हेरिएबल करतो आणि त्यात शून्य ठेवतो. पायथॉन काही बोलत नाही. वीस ओळी खाली, शेजारच्या मैत्रिणीने सांगितले म्हणून तो ‘सम’ हे फंक्शन वापरायला जातो आणि पडद्यावर येते: इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल. संदेश बरोबर आहे, पण त्याने वीस ओळींपूर्वी काय केले हे त्यातून त्याला कळणे कठीण. पायथॉनचे ३५ कीवर्ड राखीव आहेत. त्यातला एखादा व्हेरिएबलला दिला तर तिथल्या तिथे एरर येतो. ७१ नावांना असे कुंपण नाही. आणि नावे तरी कोणती? सम, मॅक्स, मिन, लिस्ट, इनपुट, आयडी. नवख्याला व्हेरिएबलसाठी पहिल्यांदा सुचतील नेमकी तीच.

म्हणूनच पायथॉनने २००८ नंतर हात फार आखडता घेतला. परत आलेले ‘कॉलेबल’, २०१८ चे ‘ब्रेकपॉइंट’ आणि २०२१ ची ‘एआयटर’ व ‘एनेक्स्ट’ ही दोन, अशी ३.१४ आवृत्तीपर्यंत जेमतेम ४ नावे आत आली. मॉड्यूल्सच्या पातळीवर तर उलटा प्रवास झाला. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये एकदम १९ मॉड्यूल्स काढली गेली. जुने ध्वनिप्रकार वाचणारी, टेलनेटसाठीची, न्यूजग्रुपसाठीची अशी ती होती. त्यांना सांभाळणारे कोणी उरले नव्हते. आत घेतलेले प्रत्येक फंक्शन वर्षानुवर्षे कोणीतरी तपासायचे असते, त्यातल्या तक्रारी कोणीतरी वाचायच्या असतात.

जावास्क्रिप्टला नाव बदलण्याचीही सोय नाही, कारण जुनी संकेतस्थळे तशीच चालत राहिली पाहिजेत. यादीत एखादी गोष्ट आहे का हे सांगणाऱ्या फंक्शनचे नाव ‘कंटेन्स’ ठरले होते. ‘मूटूल्स’ नावाच्या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरलेले होते, आणि नवे आत घेतले की ती वापरणारी संकेतस्थळे मोडत होती. म्हणून २०१६ च्या मानकात ते ‘इन्क्लूड्स’ नावाने आले. २०१८ मध्ये ‘फ्लॅटन’चे तसेच झाले आणि २०१९ च्या मानकात ‘फ्लॅट’ आले. कोणीतरी कुठेतरी घाईत दिलेले एक नाव साऱ्या जगाच्या भाषेला वळण घ्यायला लावते. गोने हा धोका रचनेतच टाळला आहे. त्यातली बिल्ट-इन नावे तुम्ही आपल्या फाइलमध्ये झाकू शकता, त्यामुळे २०२३ मध्ये ‘मिन’ आले तेव्हा ज्यांनी स्वतःचे ‘मिन’ लिहून ठेवले होते त्यांचे काहीच बिघडले नाही. पायथॉनच्या विद्यार्थ्याला जो ढिलेपणा छळतो तोच इथे जुन्या कोडचा आधार होतो. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

आणि आत घ्यायला नको म्हणणाऱ्यांचे दर वेळी चुकतेच असेही नाही. सीमध्ये मजकुराची नक्कल जागेच्या मर्यादेत करणारे ‘स्ट्रएलसीपीवाय’ ओपनबीएसडी या कार्यप्रणालीने १९९८ मध्ये आणले. लिनक्सवर सर्रास चालणाऱ्या जीलिबसी या सीच्या लायब्ररीने ते घेतले २०२३ मध्ये. इथेही २५ वर्षे. विरोधकांचे म्हणणे असे की हे फंक्शन जागा संपली की मजकूर चुपचाप कापते. देवनागरी लिहिणाऱ्याला हा आक्षेप लगेच कळेल. १२ बाइटच्या जागेत ‘अवसरी’ भरा. शेवटचा बाइट समाप्तीच्या खुणेला जातो, उरतात ११. ‘अवस’चे ९ बाइट बसतात आणि ‘र’चे ३ पैकी २ बाइट आत, १ बाहेर. पडद्यावर ‘अवस’पुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. तरीही मी ते आत घेण्याच्या बाजूचा आहे, कारण त्याआधी लोक जे वापरत होते ते जागेची मर्यादाच पाहत नव्हते. ओळ वाचून घेणारे ‘गेट्स’ हे तसलेच फंक्शन. नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी संगणकांत शिरकाव केला, त्यातली एक ‘गेट्स’मधूनच जात होती. सीच्या मानकातून ते निघाले २०११ मध्ये, २३ वर्षांनी.

एका गावाच्या नावाची लांबी

आतापर्यंतच्या उदाहरणांत बरोबर उत्तर एकच होते, लोक ते चुकवत होते. काही फंक्शन्सच्या बाबतीत बरोबर उत्तरेच अनेक असतात आणि तिथे भाषेने आत काय घ्यावे हे खरे अवघड होते. मराठी लिहिणाऱ्याला हे रोज भेटते.

‘अवसरी खुर्द’ हे नाव किती अक्षरांचे? गो आणि सी सांगतात ३१, कारण ते बाइट मोजतात. पायथॉन, जावा आणि जावास्क्रिप्ट सांगतात ११, कारण काना-मात्रा, उकार आणि हलन्त ही त्यांच्या लेखी स्वतंत्र चिन्हे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसतात ती अ, व, स, री, मोकळी जागा, खु, र्द अशी ७. युनिकोडने ‘वाचकाला एक वाटणारे अक्षर’ ओळखायचे नियम लिहिले आहेत आणि स्विफ्टसारखी भाषा मजकुराची लांबी त्या धर्तीवर मोजते. पण सप्टेंबर २०२३ पर्यंत त्या नियमांत जोडाक्षराला जागा नव्हती. ‘र्द’चे ‘र्’ आणि ‘द’ असे दोन तुकडे धरले जात आणि उत्तर ८ येई. युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला आणि ८ चे ७ झाले. एका नावाला ३१, ११, ८ आणि ७ अशी चार उत्तरे, आणि प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या कामाला योग्य. फाइलमध्ये जागा किती लागेल, तर ३१. अर्जाच्या रकान्यात किती चौकोन हवेत, तर ७.

इथे पायथॉनच्या ‘लेन’ने ७ द्यायला हवे होते असे मी म्हणणार नाही. ज्याचा नियम २०२३ मध्ये बदलू शकतो ते उत्तर भाषेच्या गाभ्यात घट्ट बसवले, तर नवी आवृत्ती आल्यावर जुना प्रोग्रॅम वेगळे उत्तर देऊ लागतो. पण ७ मिळवण्याची सोय भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीत असायलाच हवी, आणि पायथॉनमध्ये ३.१४ आवृत्तीपर्यंत ती नाही. बाहेरून पॅकेज आणावे लागते. नेट असेल तर हे काम मिनिटाचे. इंटरनेट बंद असलेल्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसलेल्या मुलीला ते मिळत नाही आणि तिच्या प्रोग्रॅममध्ये ‘खुर्द’ पाच अक्षरी राहते. जावास्क्रिप्टने यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ दिला आहे. तो क्रोममध्ये २०२० ला आला, फायरफॉक्समध्ये २०२४ ला.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामांचेही असेच. पायथॉनने संख्येत स्वल्पविराम घालण्याची सोय दिली ती २००९ मध्ये, अवसरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी. ती तीन-तीन आकड्यांचाच गट करते: १,२३४,५६७. आपल्याला हवे असते १२,३४,५६७. जावास्क्रिप्टला भारतीय पद्धत सांगितली तर ती तसे छापते, आणि मराठी सांगितली तर आकडेही देवनागरीत देते. त्यासाठी जगातल्या शेकडो भाषांचा डेटा सोबत वागवावा लागतो. नोड हा जावास्क्रिप्टचा सर्व्हरवरचा अवतार ऑक्टोबर २०१९ पर्यंत मूळ संचात फक्त इंग्रजीचा डेटा देत होता. १३ व्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांचा आला. हा बोजा उचलण्यासारखा आहे. ज्या देशात कोटभर रुपयांचा आकडा शाळकरी मूलही दोन-दोनच्या गटात वाचते, तिथे पावती छापणाऱ्या प्रत्येकाने स्वल्पविरामांचे लूप लिहीत बसावे हे मला मान्य नाही.

देवनागरी आकडे वाचण्याबाबत मात्र बरोबर उत्तर एकच आहे, आणि तिथे भाषा सरळसरळ उघड्या पडतात. ‘१२३’ असा मजकूर द्या आणि पूर्णांक मागा. पायथॉनचे ‘इंट’ आणि जावाचे ‘पार्सइंट’ बिनतक्रार १२३ देतात. जावास्क्रिप्ट नॅन देते. गो एरर देते. पीएचपी आणि सीचे ‘एटुआय’ शून्य देतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरातली किंवा दूध संस्थेच्या वहीतली नोंद संगणकात चढवणाऱ्याला गोचा एरर परवडतो, कारण तो थांबवतो आणि दुरुस्त करायला लावतो. शून्य परवडत नाही. १२३ लिटर दुधाची नोंद ० लिटर होऊन पुढे जाते आणि बेरजेत सहज लपते. दहा आकडे, प्रत्येकाची किंमत युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेली, कुठलाही वाद नाही. हे काम आत घ्यायला कुठल्याही भाषेला काहीच सबब नाही.

क्रमवारी ही यातली सगळ्यात गुंतागुंतीची. आंबेगावातले कळंब आणि शिरूरमधले कवठे यांत यादीत आधी कोण? पायथॉनचे ‘सॉर्टेड’ म्हणते कळंब, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसवला आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणून आपल्या शब्दकोशात कवठे आधी. हिंदीभाषक गावांची यादी लावताना हा प्रश्न सहसा उभाच राहत नाही. एकाच लिपीत दोन भाषांचे दोन क्रम, त्यामुळे कुठलाही एक क्रम ‘सॉर्टेड’च्या आत कायमचा बसवणे चूकच ठरले असते.

२००४ च्या २.४ आवृत्तीत ‘सॉर्टेड’ आले ते ‘की’ नावाच्या एका वाटेसकट. क्रम लावण्याचे कष्टाचे काम, म्हणजे लाखो नोंदी कमी तुलनांत जागेवर नेणे आणि समान नोंदींचा मूळ क्रम न मोडणे, फंक्शन स्वतः करते. कोण कोणाच्या आधी, हा वादाचा भाग ते तुमच्याकडे सोपवते. तुम्ही वर्णमाला एका ओळीत आपल्या क्रमाने लिहायची, ‘ळ’ला ‘ह’च्या पुढे ठेवायचे आणि प्रत्येक अक्षराचा त्या ओळीतला क्रमांक देणारे छोटे फंक्शन ‘की’ म्हणून पुढे करायचे. पाच-सहा ओळींत कवठे कळंबच्या आधी येते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना ‘ळ’नंतर बसवायचे असेल तर मजकूर एकेका चिन्हाने वाचून चालत नाही, आधी ती जोडाक्षरे ओळखून एकसंध धरावी लागतात, आणि त्यासाठी पुन्हा अक्षर तोडण्याचे तेच फंक्शन सोयीचे पडते जे ३.१४ पर्यंतच्या पायथॉनसोबत येत नाही.